कामावर परतलेली स्तनदा माता: कार्यालयाने काय, कधी आणि कसे करावे

अंगावर पाजणारी आई कामावर परतली की रोज आठ-नऊ तास बाळापासून लांब राहते. दूध मात्र तयार होतच राहते. ते ठराविक वेळाने काढले नाही तर आधी छाती दाटते, मग दुखते, आणि हे रोज घडू लागले तर दूधच कमी होते. त्यामुळे कार्यालयाने खोली दिली, फलक लावला, खुर्ची ठेवली, तरी काम निम्मेसुद्धा झालेले नसते. खोली सगळ्यांना दिसते, वेळ कुणाला दिसत नाही. पण आई टिकते ती तिला मिळालेल्या वेळेवर, आणि त्या वेळात तिची जागा सांभाळणाऱ्या माणसावर. या लेखात वेळेवर जास्त लिहिले आहे ते यासाठीच.

आधी शरीराचे गणित

एक ते सहा महिन्यांचे, फक्त आईच्या दुधावर असलेले बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली दूध पिते. म्हणजे तासाला तीस-पस्तीस मिली. आई येण्याजाण्यासकट नऊ तास बाहेर असेल तर तेवढ्या वेळासाठी सुमारे ३०० मिली दूध घरी असायला हवे, आणि तेवढेच तिने कामावर काढायला हवे. आज काढलेले उद्या बाळाला जाते.

दूध किती तयार व्हायचे हे किती बाहेर निघते यावर ठरते. स्तन भरलेला राहिला की शरीर दूध तयार करण्याचा वेग कमी करते. एखादा दिवस चुकला तर भरून निघतो. सलग आठवडाभर दुपारची वेळ चुकली तर उत्पादन उतरते आणि पुन्हा वर आणायला बरेच दिवस लागतात.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. पान्हा फुटतो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि घाई, लाज, भीती, वेदना यांनी ते अडते. दारावर कुणीतरी टकटक करत असेल तर स्तनात दूध असूनही बाटलीत थेंबच येतात. म्हणून आतून लागणारी कडी हीसुद्धा दूध काढण्याचे साधनच आहे.

हे किती काळ चालेल? जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही. कार्यालयाने व्यवस्था महिन्या-दोन महिन्यांसाठी नव्हे, निदान बाळ वर्षाचे होईपर्यंतच्या हिशेबाने आखावी. त्यापुढे तिची गरज तीच सांगेल.

पायरी १: रजेवर जाण्याआधीच बोला

परतल्यावर पहिल्या दिवशी हा विषय काढणे तिला जड जाते. बऱ्याच जणी काढतच नाहीत, आणि दोन-तीन आठवड्यांत पाजणे सुटते. म्हणून सुरुवात कार्यालयाने करावी. बाळंतपणाच्या रजेच्या मंजुरीपत्रातच तीन-चार ओळी असाव्यात: खोली कुठे आहे, दूध काढायला पगारी वेळ मिळेल, कुणाशी बोलायचे, आणि परतण्याआधी संपर्क कोण साधेल.

हा संपर्क परतण्याच्या साधारण चार आठवडे आधी व्हावा. त्यात विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. दिवसात किती वेळा दूध काढावे लागेल? दूध काढायचा पंप स्वतःचा आणणार का? बाळ जवळच्या पाळणाघरात असेल, तर तिथे जाऊन पाजायला आवडेल का? शिफ्ट किंवा कामाच्या स्वरूपात काही अडचण दिसते का? यापलीकडे चौकशी नको. दूध पुरते का, वरचे कधी सुरू करणार, अजून किती महिने, हे वरिष्ठाने विचारायचे प्रश्न नाहीत.

जमत असेल तर परतण्याचा दिवस बुधवार किंवा गुरुवार ठेवावा. पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचा होतो, आणि काय अडते ते कळून सुट्टीत दुरुस्त करता येते. आईने घरी पंपाची सवय दोन-तीन आठवडे आधीपासून करावी. फ्रीझर भरून ठेवायची गरज नसते, पहिल्या दिवसाचे दूध आणि थोडे वरकड एवढे पुरते.

पायरी २: वेळ, आणि त्या वेळात तिची जागा

सर्वांत जास्त चूक इथे होते. वरिष्ठ म्हणतात, “पंधरा मिनिटांचे तर काम आहे.” पंधरा मिनिटे फक्त पंप चालतो. पूर्ण फेरी अशी असते: खोलीपर्यंत जायला ३ मिनिटे, हात धुऊन पंप जोडायला ४, दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा पंप असेल तर दूध काढायला १५ ते २०, झाकण-लेबल-फ्रिज यांना ३, भाग धुवायला ५, परत यायला ३. बेरीज ३३ ते ३८ मिनिटे. एकेरी पंप असेल तर मधला आकडा जवळजवळ दुप्पट. खोली दुसऱ्या इमारतीत असेल तर जाण्यायेण्याचा वेळ त्यात वाढवा.

किती वेळा? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची आई दर तीन तासांनी, म्हणजे आठ तासांत दोन ते तीन वेळा. सहा ते बारा महिन्यांत बहुधा दोन वेळा. त्यानंतर एकदा, किंवा ती सांगेल तसे. नऊ ते सहाच्या कामात बसणारा एक नमुना: सकाळी आठला घरी पाजणे, साडेदहा, दीड आणि चारला दूध काढणे, घरी पोचताच पुन्हा पाजणे. हा नमुना आहे, नियम नव्हे. एखादीची छाती दोन तासांतच दाटते, एखादीला चार तास चालतात.

हा वेळ कामाचा वेळ म्हणून धरायचा, पगारासह. यात नवीन काही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या मातृत्व संरक्षण करारातच कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास बाळाला पाजण्यासाठी दिला होता. २००० सालच्या करार क्रमांक १८३ ने हा वेळ कामाचा धरून त्याचे वेतन द्यावे असे स्पष्ट केले. शिफ्टच्या शेवटी “भरून देण्याची” अट घातली तर आई बाळापासून आणखी दीड तास लांब राहते आणि तिला आणखी एकदा दूध काढावे लागते. सवलत देऊन ती त्याच हाताने काढून घेतल्यासारखे होते. जेवणाची सुट्टीही यात मोजू नये. पाजणाऱ्या आईला भूक नेहमीपेक्षा जास्त लागते.

कामाच्या प्रकारानुसार व्यवस्था बदलते.

टेबलावरचे काम असेल तर तिच्या कॅलेंडरमध्ये या वेळा “व्यग्र” म्हणून अडवून ठेवा, कारण लिहू नका. बैठक ठरवणाऱ्याने त्या वेळा मोकळ्या समजू नयेत हे त्याच्या वरिष्ठाने एकदा स्पष्ट सांगावे.

काउंटर, वॉर्ड, वर्ग, उत्पादन लाइन, सुरक्षा चौकी अशा जागा सोडून जाता येत नाही. तिथे बदली माणूस नावानिशी ठरवा: सोमवारी साडेदहाला अमुक, दीडला तमुक, आणि तो नसेल तर तिसरा कोण. “कुणीतरी बघेल” असे ठरले की कुणीच बघत नाही. मग तिला प्रत्येक वेळी सहकाऱ्याला विनंती करावी लागते, आणि चौथ्या दिवशी ती विनंती करणे सोडून देते. बदली माणसाचेही त्या वेळेचे स्वतःचे काम हलके करायला हवे. नाहीतर राग आईवर निघतो, खरे तर वेळापत्रक चुकलेले असते.

संख्येवर मोजले जाणारे काम असेल तर लक्ष्य त्याच प्रमाणात उतरवा. आठ तासांत ८० कॉल अपेक्षित असतील आणि ९० मिनिटे दूध काढण्यात जात असतील, तर उरले ४८० पैकी ३९० मिनिटे, म्हणजे लक्ष्य ६५ कॉल. हा बदल संगणक प्रणालीतच करून घ्या, तोंडी ठेवू नका. महिनाअखेरीस मूल्यमापन करणारा माणूस वेगळा असतो आणि त्याच्यासमोर फक्त आकडा असतो.

पायरी ३: खोली

शौचालय चालत नाही, कितीही स्वच्छ असले तरी. हे बाळाचे अन्न आहे. शिवाय तिथे टेबल नाही, पंपाला प्लग नाही, आणि बाहेर कुणीतरी वाट बघत उभे असते. सामानाची खोलीही नको, कारण तिची किल्ली दुसऱ्याकडे असते आणि त्याला नेमके त्याच वेळी काहीतरी हवे असते.

जागा फार लागत नाही. सव्वा मीटर बाय दीड मीटरमध्ये खुर्ची आणि छोटे टेबल बसते. दोन बाय दोन मीटर असेल तर ऐसपैस. आत हवे ते असे:

- हात टेकता येणारी, पाठ सरळ ठेवणारी, पुसता येणारी खुर्ची. खोल सोफ्यात आई मागे रेलते आणि दूध बाटलीत उतरण्याऐवजी कपड्यांवर सांडते.
- कोपराच्या उंचीचे टेबल आणि बसल्या जागी हाताला येणारे दोन प्लग.
- आतून कडी, बाहेर “वापरात आहे” दाखवणारी पाटी. दाराच्या आत एक पडदा, म्हणजे दार उघडले तरी आतले दिसत नाही.
- काच असल्यास तिच्यावर अपारदर्शक आवरण. खोलीत कॅमेरा अजिबात नको.
- बेसिन आतच, नाहीतर दहा-वीस पावलांवर. तिथे साबण, कागदी रुमाल आणि पंपाचे भाग सुकवायला जाळी.
- छोटा फ्रिज, झाकणाचा कचराडबा, भिंतीवर हुक, आरसा, घड्याळ.

आरसा चैनीसाठी नाही. बाहेर बैठकीला जाण्यापूर्वी सदऱ्यावर दुधाचा डाग पडलाय का ते बघायला दुसरी जागा नसते.

दारावर “हिरकणी कक्ष” लिहा किंवा नुसता खोली क्रमांक, तिला जे बरे वाटेल ते. पण आरक्षणाच्या यादीत नावे सगळ्यांना दिसता कामा नयेत. “आरक्षित” एवढे पुरे.

एक खोली किती जणींना पुरेल याचा अंदाज असा: स्वच्छतेसह एक फेरी ४० मिनिटांची धरली तर आठ तासांत बारा फेऱ्या होतात, म्हणजे तीन वेळा काढणाऱ्या चौघी. कागदावर चौघी, प्रत्यक्षात तिघी, कारण सगळ्यांच्या वेळा सकाळी साडेदहा ते अकराच्या आसपास येतात. चौथी आली की मध्ये जाड पडद्याने दोन कप्पे करा किंवा दुसरी खोली शोधा.

साफसफाई दिवसातून दोनदा: पहिल्या फेरीआधी आणि दुपारी. सफाई कर्मचाऱ्याला वेळा लिहून द्या, नाहीतर तोच चुकून दार वाजवेल.

पायरी ४: पंप आणि त्यातले बिघाड

पंप बहुधा आई स्वतःचा आणते. कार्यालयाला मदत करायची असेल तर अनेकींनी वापरण्यासाठीच बनवलेला, बंद रचनेचा, म्हणजे मोटरपर्यंत दूध पोचू न देणारा, रुग्णालयी पंप घेऊन खोलीत ठेवावा. प्रत्येकीचा जोड, म्हणजे फ्लँज (स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग), झडप, नळी आणि बाटल्या, वेगळा. एकीच्या वापरासाठी असलेला घरगुती पंप दुसरीला देऊ नये. त्यातल्या काहींच्या मोटरपर्यंत दूध किंवा ओल पोचू शकते आणि तो भाग आतून धुता येत नाही.

वापराचा क्रम: साबणाने वीस सेकंद हात धुवा. झडप आणि नळी बघून घ्या. फ्लँज मधोमध बसवा, स्तनाग्र त्याच्या नळीसारख्या भागाच्या भिंतीला घासता कामा नये. सुरुवातीला हलका, जलद वेग ठेवा. एक-दोन मिनिटांत पान्हा फुटला की संथ आणि खोल वेगावर जा. ओढ थोडी बोचू लागेपर्यंत वाढवा, मग एक अंक खाली आणा. जास्त ओढीने जास्त दूध येत नाही, उलट दुखले की पान्हा अडतो. मधूनमधून हाताने स्तन हलका दाबत राहिले तर बाकीचे दूधही उतरते. थेंब थांबल्यावर आणखी एक-दोन मिनिटे, मग बंद.

फ्लँजचे माप मिलिमीटरमध्ये असते आणि पंपासोबत आलेले माप सगळ्यांना बसत नाही. स्तनाग्राच्या बुडाचा व्यास मोजावा आणि तेवढेच किंवा दोन-तीन मिलिमीटर मोठे माप घ्यावे. माप लहान असेल तर स्तनाग्र घासते आणि पांढरे पडते. मोठे असेल तर भोवतालचा काळसर भाग बराच आत ओढला जातो आणि दूध कमी निघते.

काल १२० मिली निघाले आणि आज ५०, तर दूध आटले असे समजण्यापूर्वी झडप उजेडात धरून बघा. बदकाच्या चोचीसारखी ही छोटी सिलिकॉनची झडप दिवसातून तीनदा ताणली जाते. टोकाची चीर नुसती मिटलेली असायला हवी. ती उघडी दिसली किंवा कडेला केसाएवढी फाट असली तर पंपाची ओढ कमी होते. रोज वापरात असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी बदलावी आणि एक सुटी झडप कायम पर्समध्ये असावी. नळीत ओल दिसली तर दूध काढून झाल्यावर नळी पंपालाच ठेवून दोन मिनिटे रिकामा चालवा, सुकते. आत दूध किंवा बुरशी दिसली तर नळी टाकून द्या.

वीज गेली, पंप घरी राहिला, तर हाताने काढता यायला हवे. अंगठा वर आणि बोटे खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबायचे, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे, मग सैल सोडायचे. बोटे त्वचेवर घसरू द्यायची नाहीत. एक-दोन मिनिटे काहीच येत नाही, मग येते.

धुताना भाग थेट बेसिनमध्ये ठेवू नयेत, तिथे सगळ्यांचे हात धुतलेले असतात. आधी वाहत्या पाण्याखाली धरावेत, मग स्वतःच्या छोट्या भांड्यात गरम साबणपाणी आणि फक्त याच कामाचा ब्रश. फडक्याने न पुसता जाळीवर हवेत सुकवावेत. बाळ दोन महिन्यांच्या आतले, अपुऱ्या दिवसांचे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले असेल तर घरी दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत.

पायरी ५: दुधाची साठवण

निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ताज्या दुधाची मर्यादा अशी: २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ४ दिवस, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत २४ तास. म्हणजे फ्रिज नसेल तरी काम अडत नाही.

बाटलीवर नाव, तारीख, वेळ. ६० ते १२० मिलीचे भाग करावेत, म्हणजे उरलेले वाया जात नाही. दूध फ्रिजच्या मागच्या बाजूला, प्रत्येकीच्या झाकणाच्या डब्यात ठेवावे. दारात ठेवू नये, तिथे तापमान सतत हलते. सकाळच्या गार दुधात दुपारचे कोमट दूध लगेच ओतू नये. आधी गार करावे, मग एकत्र.

सहकाऱ्यांपैकी कुणी विचारेल की हे आपल्या जेवणाच्या फ्रिजमध्ये का? उत्तर साधे आहे: ते अन्न आहे. हाताळायला हातमोजे लागत नाहीत, सांडले तर नेहमीसारखे पुसायचे. ठेवल्यावर वर साय आणि खाली पाणीदार थर दिसतो. ते नासलेले नसते, हलके फिरवले की मिसळते. घरी बाळाला सांभाळणाऱ्याने बाटली कोमट पाण्यात धरून तापवावी. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका देणारे भाग राहतात. फ्रीझरमधले पूर्ण वितळले की फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवावे, पुन्हा गोठवू नये. बाळाने तोंड लावलेले उरले तर दोन तासांनंतर टाकून द्यावे.

शुक्रवारी संध्याकाळी “फ्रिज साफ करणार, सगळे फेकणार” असा नियम कार्यालयात असेल तर त्यातून हे डबे लेखी वगळा. तीन दिवसांचे दूध कचऱ्यात गेलेले बघणे आईला सोसत नाही, आणि ते भरून काढायचे तर वेळ तेवढाच पुन्हा लागतो.

कार्यालयाबाहेरच्या जागा

शिसे, पारा, सॉल्व्हंट, कर्करोगाची औषधे, किरणोत्सारी समस्थानिके (स्वतःहून किरणे बाहेर टाकणारी द्रव्ये) हाताळणाऱ्या जागी परतण्याआधी धोक्याची तपासणी हवी. शिसे दुधात उतरते आणि कपड्यांवरून घरीही जाते. गरज पडली तर पगार न कापता जागा बदलावी. साध्या एक्स-रे यंत्राजवळचे काम वेगळे: नेहमीची संरक्षणाची पथ्ये पाळावीतच, पण त्या किरणांनी दूध दूषित होत नाही. समस्थानिके शरीरात गेली तर होते. दोन्हींत गल्लत करून पाजणे थांबवायला सांगितले जाते, तसे करू नये.

गणवेश दोन भागांत आणि पुढून उघडणारा असावा. छाती आवळणारे जाकीट किंवा संरक्षक कवच तासन्‌तास घातले की दुधाच्या नलिका दबून गाठ होते, म्हणून मोठे माप द्या. फिरतीच्या नोकरीत गाडीला पडदे, गाडीत चालणारा चार्जर आणि थर्मल बॅग, आणि मार्गावर थांबण्याची ठरलेली वेळ लागते.

छाती दाटली, गाठ झाली, ताप आला तर

दूध काढणे थांबवायचे नाही, नेहमीच्या वेळांनी चालू ठेवायचे. पूर्ण रिकामे करण्याच्या हट्टाने दुप्पट वेळा काढले तर सूज वाढते. जोरात चोळू नये. काढून झाल्यावर गार फडके किंवा बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवावी. लालसर, गरम भाग, थंडी वाजून ताप असे दिसले आणि २४ तासांत उतार पडला नाही, किंवा तब्येत झपाट्याने बिघडली, तर डॉक्टर. त्या दिवशी तिला घरी पाठवा, बाळाजवळ. असे दुखणे कामावरच्या आईला वारंवार होत असेल तर आधी वेळापत्रक तपासा. कुठली तरी फेरी सारखी चुकत असते.

बाळ खाऊ लागले की आई फेऱ्या कमी करते: एक फेरी सोडायची, तीन-चार दिवस थांबायचे, दाटले नाही तर पुढची. हा निर्णय तिचा. ती स्वतः सांगेपर्यंत त्या वेळा वेळापत्रकातून काढू नका आणि बदली माणसाला दुसरे काम देऊ नका. बाळ आजारी पडले की ते वरचे अन्न सोडते आणि पुन्हा आईच्याच दुधावर येते. तेव्हा सोडलेली दुपारची फेरी दुसऱ्याच दिवसापासून परत लागते.